तालमीतले झाकलेले आरसे

इस्क्रा कालेवाच्या दारावर पाटी होती, 'खासगी तपास'. पाटी जुनी, गाव त्याहून जुनं, आणि तपास करण्याजोगी माणसं गावात फारशी उरली नव्हती. आमच्या या डॅन्यूबकाठच्या गावातली निम्मी घरं बंद आहेत. पोरं जर्मनीत, बायका इटलीत, आणि मागे राहिलेले म्हातारे खिडकीशी बसून धुकं बघतात. अशा गावात कोण कुणाचं काय चोरणार आणि कोण कुणाबरोबर पळून जाणार?

म्हणून त्या ऑक्टोबरच्या सकाळी दार वाजलं तेव्हा इस्क्राबाई शेगडीवर लाल मिरच्या भाजत होत्या आणि स्पास त्या सोलत होता. स्पास म्हणजे बसचा निवृत्त ड्रायव्हर. इस्क्राबाईंची जुनी लाडा गाडी तो चालवतो, आणि त्याचं डोकंही त्या गाडीसारखंच आहे. उशिरा सुरू होतं.

दारात काळ्या कपड्यांतली, चाळिशीची बाई उभी होती.

"मी रोसित्सा. स्तावरी मास्तरांची मुलगी."

स्पास हातातल्या मिरचीसकट उठून उभा राहिला. गावात ज्याने म्हणून कधी वजन उचललं, त्याने ते स्तावरी मास्तरांच्या तालमीत उचललं होतं. मागच्याच रविवारी मास्तर त्या तालमीत मरून पडलेले सापडले होते.

"तुम्ही नवऱ्यांच्या मागावर जाता असं ऐकलं," रोसित्सा म्हणाली.

"नवरे गावात उरले असते तर गेले असते. बसा. डॉक्टरांनी काय लिहिलंय?"

"हृदय बंद पडलं. त्याबद्दल मला शंका नाही. कुणी मारलं का, हे मी विचारतच नाही." तिने हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. "बाबा गेले तेव्हा एकटे होते का, एवढंच मला हवंय."

इस्क्राबाईंनी हातातली मिरची बाजूला ठेवली.

"मी बोलोन्यात एका आजींना सांभाळते. त्याआधी एका आजोबांना सांभाळायचे. ते गेले तेव्हा मी हात धरून बसले होते. उशाशी मेणबत्ती लावली. परक्या माणसाला लावली हो मी मेणबत्ती. आणि माझा बाप..." तिने हातमोजे पुन्हा काढले. "आमची आई म्हणायची, शत्रूलासुद्धा 'मेणबत्तीवाचून मरशील' असा शाप देऊ नये. उद्या नववा दिवस. कबरीवर उकडलेले गहू वाटले की मला परत जायचंय. त्याआधी कळलं तर बरं."

"आणि उत्तर वाईट असलं तर?"

"तरी सांगा. आजींच्या उशाशी बसलं की रोज तेच डोक्यात येतं. न कळण्यापेक्षा वाईट कळलेलं परवडलं."

इस्क्राबाईंनी शेगडी बंद केली. "गाडी काढ, स्पास."

तालीम जुन्या सिनेमा थिएटरच्या तळघरात होती. खिडकी एकही नाही. कुलूप यासेनने उघडलं. हा मास्तरांचाच शिष्य. व्हॅलेन्सियात दहा ठिकाणी घाम गाळून परत आला होता आणि तालमीची नवी जिम करत होता. खांदे दाराएवढे, पण रोसित्साला बघताच त्याची मान खाली गेली.

त्याने दिवा लावला. मधोमध जुन्या ओक लाकडाचा चौथरा होता. दोन्ही बाजूंना नव्या काळ्या रबराच्या लाद्या. आणि समोरची अख्खी भिंत पांढऱ्या चादरींनी झाकलेली होती.

"आरसे," यासेन म्हणाला. "त्या दिवसापासून काही हलवलेलं नाही. ज्या जागेत माणूस गेला तिथे लगेच धंदा मांडायचा म्हणजे बरं वाटत नाही."

"तुझी आणि मास्तरांची भांडणं व्हायची म्हणतात," इस्क्राबाई म्हणाल्या.

"रोज व्हायची. खडू घेऊन जमिनीवर रेघा मारायचे. मी म्हणायचो, सगळीकडे रबर घालू. ते म्हणायचे, गाढवा, पाय लाकडावर हवेत आणि वजन रबरावर पडायला हवं. त्यांचं बरोबर होतं. मला आरसे जमिनीपासून हवे होते. ते म्हणाले, एखाद्याची प्लेट घरंगळली की तुझी काच गेली. मग गुडघाभर वर लावले."

"म्हणजे आरशांनाच त्यांची हरकत नव्हती?"

"सहा महिने होती. म्हणायचे, आरशात न्हाव्याने बघावं, वजन उचलणाऱ्याने नाही. आणि मग एक दिवस आपणहून म्हणाले, लाव. एक नको, चौथऱ्यासमोर अख्खी भिंत भरून लाव. का, ते नाही सांगितलं."

"रविवारी काय बघितलंस? जसं दिसलं तसं सांग."

"दार उघडलं, दिवा लावला. मास्तर लाकडावर आडवे. डोक्याखाली त्यांचाच कोट. डोळे मिटलेले. हातांना खडूची भुकटी होती, म्हणजे या वयात एकट्याने वजन उचलायला गेले असणार. आरसे हे असेच झाकलेले. म्हटलं, मिंचो काचवाल्याने धुळीसाठी झाकले असतील."

"आणि रॉड?"

"हा काय, स्टँडवर. रिकामा. मास्तरांचा नियमच होता, काम झालं की प्लेटा काढायच्या, रॉड जागेवर ठेवायचा."

रोसित्सा चौथऱ्याच्या कडेला उभी राहून लाकडाकडे बघत होती. लाकूड पुसून काढलेलं होतं. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

स्टँडशेजारी उंच पायांवर खडूच्या भुकटीचं पसरट भांडं होतं. हाताला घाम येऊ नये म्हणून उचलणारे ती भुकटी चोळतात. भांड्यातली भुकटी दाबून बसलेली होती आणि तिच्या मधोमध करंगळीहून बारीक, खोल भोक होतं. इस्क्राबाई त्यात वाकून बघत राहिल्या.

"कुणीतरी पेन्सिल खुपसली असेल," स्पास म्हणाला.

"कशाला?"

"मला दिसली असती भुकटी, तर मी खुपसली असती."

आरशांच्या कोपऱ्यात मोठ्या प्लेटा एकावर एक रचलेल्या होत्या. त्या तिथे आपण ठेवल्या नाहीत, असं यासेन म्हणाला. इस्क्राबाई स्पासच्या खांद्याला धरून त्यावर चढल्या. हात बरोबर आरशाच्या वरच्या कडेपर्यंत पोचला. चादरी पांढऱ्या कापडी चिकटपट्टीने लावल्या होत्या. पट्टी मधून उभी फाडून बारीक केलेली, टोकं दातरलेली, ओबडधोबड.

"ही पट्टी तुझी?"

"मी हातमोजे घालतो. ही मास्तरांच्या खोलीतली असेल. जुने लोक अंगठ्याला गुंडाळायचे."

मास्तरांची खोली मागेच होती. पलंग, चूल, आणि गल्लीत उघडणारं दार, जे नुसतं ओढलं की बाहेरून बंद होतं. भिंतीवर खिळ्याला दाढीचा गोल आरसा होता. त्याचं तोंड भिंतीकडे होतं. स्पासने तो सरळ करायला हात पुढे केला.

"राहू दे," इस्क्राबाई म्हणाल्या. "यासेन, हा तू फिरवलास?"

"मी या खोलीत पाऊलही टाकलं नाही. डॉक्टर आले तेही तालमीतूनच गेले."

मिंचो काचवाला दुकानात एकटाच स्वतःशी पत्ते खेळत होता. टेबलाच्या कडेला सुरीने सरळ कापलेले चिकटपट्टीचे तुकडे लावून ठेवले होते. गिऱ्हाईक दिसलं म्हणून उठला, इस्क्राबाई दिसल्या म्हणून बसला.

"आरसे दोनदा बसवायला लावले म्हाताऱ्याने. आधी खाली लाव, मग वर लाव. मी शिव्या दिल्या, नाही म्हणत नाही. पण शिवीने माणूस मरत असता तर माझी सासू केव्हाच गेली असती."

"चादरी कुणाच्या?"

"माझ्या. आरसे त्यांत गुंडाळून आणले, शुक्रवारी बसवले. चादरी घडी करून कोपऱ्यात ठेवल्या."

"तू झाकले नाहीस?"

"छे. मागचं चिकटवण ओलं असतं. हवा लागायला हवी, म्हणून मी नेहमी उघडेच सोडतो. रविवारी यासेनची हाक ऐकून धावलो तेव्हा झाकलेले होते. बायांनी झाकले असणार. मेलेल्याच्या घरात आरसा उघडा ठेवतं का कुणी? जीव त्यात अडकतो म्हणतात." त्याने पत्ता टाकला. "फार दूर नव्हता जायचा बिचाऱ्याचा जीव. त्याला होतं कोण?"

बाहेर आल्यावर स्पास म्हणाला, "मला तर यासेनच वाटतो."

"काय केलं यासेनने?"

"ते अजून ठरवलं नाही."

शेवटचं घर दामियानचं होतं. द्राक्षमळ्यांच्या कडेला, गावापासून तुटून. दामियान मास्तरांहून थोडा लहान. तरुणपणी मास्तरांच्या हाताखाली उचलायचा, आणि एका मोठ्या स्पर्धेला मास्तरांनी त्याला घरी ठेवून दुसऱ्याला नेलं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. एका रस्त्याने येताना दिसले तर एक जण पलीकडे जायचा. कोण, ते दिवसावर अवलंबून.

तो अंगणात लाकडं फोडत होता. सत्तरीचा, तरी मान बैलासारखी.

"अंत्यविधीला दिसला नाहीत," इस्क्राबाई म्हणाल्या.

"फाटकाबाहेर होतो. ज्याच्याशी चाळीस वर्षं बोललो नाही, त्याच्या कबरीपाशी जाऊन काय बोलायचं?" त्याने खिशातून पट्टीची गुंडाळी काढली, तुकडा दाताने तोडला, मधून उभा फाडला आणि अंगठ्याला गुंडाळला. मग पुन्हा कुऱ्हाड धरली. "बसा म्हटलं असतं, पण खुर्ची एकच आहे."

"तालमीत शेवटचे कधी गेला होतात?"

"आठवत नाही. म्हातारा झालो."

उघड्या दारातून आतली भिंत दिसत होती. पवित्र मातेची तसबीर, आणि तिच्याखाली ईस्टरची बारीक पिवळी मेणबत्ती, अर्धी जळालेली. बाकी खोलीत एक पलंग आणि एक ताटली.

"रोसित्सा आलीय," इस्क्राबाई म्हणाल्या.

कुऱ्हाड हवेतच थांबली. "कशी आहे पोर?"

"बाप एकटा मेला म्हणून झुरतेय."

दामियानने कुऱ्हाड खाली आणली. ओंडका जागेवरच राहिला, घाव जमिनीत बसला.

दुसऱ्या दिवशी कबरीवरून सगळे तालमीत आले. इस्क्राबाईंनीच बोलावलं होतं. रोसित्साच्या हातात गव्हाचं भांडं होतं, वर साखर पसरलेली. यासेन, मिंचो आणि स्पास भिंतीला टेकून उभे. दामियान उंबऱ्यापाशी थांबला. आत येईना, परत जाईना.

"रोसित्सा," इस्क्राबाई म्हणाल्या, "तुझे बाबा एकटे नव्हते."

रोसित्साने भांडं छातीशी धरलं.

"आधी रॉड बघ. मास्तरांच्या हातांना भुकटी होती, म्हणजे त्यांनी वजन उचललं. आणि सापडले ते चौथऱ्यावर, डोक्याखाली कोट घेऊन. पण रॉड स्टँडवर, प्लेटा काढून. यासेन म्हणतो, मास्तरांचा नियम. बरोबर. पण मेलेला माणूस नियम पाळत नाही."

"आधी ठेवला असेल, मग बरं वाटेना म्हणून आडवे झाले असतील," स्पास म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं असतं. म्हणून आता आरसे बघ. यासेन म्हणतो, मी आलो तेव्हाच झाकलेले होते, मिंचोने धुळीसाठी झाकले. मिंचो म्हणतो, मी झाकत नाही, बायांनी मेलेल्यासाठी झाकले. दोघंही खरं बोलतात. आपल्याकडे मेलेल्याच्या घरात आरसा झाकलेला दिसला की कुणी प्रश्नच विचारत नाही. म्हणून नऊ दिवस इथे कुणाला काही खटकलं नाही. पण यासेनने दार उघडलं तेव्हा मास्तर गेलेत हे कुणालाच माहीत नव्हतं. मग आरसे झाकले कुणी?"

मिंचोने टोपी काढली.

"धुळीसाठी म्हणशील, तर दाढीच्या आरशाला धूळ लागू नये म्हणून कुणी त्याचं तोंड भिंतीकडे करत नाही. तो फिरवला मास्तर गेल्यानंतर, आणि ते गेलेत हे ज्याने डोळ्यांनी बघितलं त्यानेच. त्यानेच त्यांचे डोळे मिटले. आणि त्यानेच या भांड्यात, वाळूत रोवतात तशी, बारीक मेणबत्ती रोवली. ते भोक पेन्सिलीचं नाही, स्पास."

रोसित्साने गव्हाचं भांडं एका काखेत घेतलं. ती भुकटीच्या भांड्याजवळ गेली आणि त्या भोकाच्या कडेला बोट लावून उभी राहिली.

"मागच्या दाराने जाताना त्याने मेणबत्ती नेली, कारण ती बोलली असती. आरशांवरच्या चादरी मात्र त्याला काढवल्या नाहीत. मृतदेह जागेवर असताना आरसा उघडायचा धीर आपल्यापैकी कुणाला होईल? घाईत केलेली चूक नव्हती ती. त्याला माहीत असूनही तो ते करू शकला नाही."

"कोण?" यासेनने विचारलं.

"शिडी नव्हती, म्हणून त्याने रॉडवरच्या प्लेटा काढून पायाखाली रचल्या. पट्टी दाताने तोडली आणि उभी फाडली. मिंचो सुरीने कापतो. तू, यासेन, पट्टी वापरत नाहीस. अंगठ्याला बसेल अशी बारीक पट्टी फाडायची सवय मास्तरांच्या जुन्या पोरांना होती, आणि त्यांच्यातला गावात एकच उरलाय." इस्क्राबाई उंबऱ्याकडे वळल्या नाहीत. "रॉड जागेवर ठेवायचा नियमही त्यालाच मोडवला नाही."

मग दामियान आत आला. लाकडावर पाय ठेवण्याआधी त्याने बूट काढले.

"शनिवारी दुपारी बाजारात समोर आला," तो म्हणाला. "मी रस्ता ओलांडायला लागलो तर मागून म्हणाला, संध्याकाळी ये, तालमीची नवी जमीन बघायला. चाळीस वर्षांनी बोलला, तेही जमिनीबद्दल." तो रोसित्साकडे बघत नव्हता. "आलो. चांगली केली होती. मी म्हटलं, जमीन छान आहे, पण तुला अजून उचलता येतं का? मी बोललो ते. चेष्टेत बोललो. त्याने हाताला भुकटी लावली."

"पुढे सांगा," रोसित्सा म्हणाली.

"रॉड उचलला. पूर्ण, डोक्यावर. मग अलगद टाकला रबरावर आणि म्हणाला, ऐकलंस? आवाज नाही. आणि खाली बसला. मी फोन काढला तर मनगट धरलं. म्हणाला, मला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊन परक्यांत ठेवतील. इथेच राहू दे. जन्मभर मी त्या माणसाचं ऐकलं नाही, पोरी. त्या दिवशी ऐकलं."

"फोन करायला हवा होता तुम्ही."

"हो."

"मला तरी कळवायचं होतं."

"काय तोंडाने कळवू? तुझ्या बापाला मी चिडवलं आणि तो मेला, असं? मेणबत्ती आणायला घरी पळालो. या पायांनी पळालो. परत आलो तेव्हा होता अजून. तो जाईपर्यंत हात धरला होता मी. अर्धी उरलीय, घरी आहे. तुझी आहे ती."

रोसित्सा रडू लागली. आवाज न करता, परक्या घरांत रडायची सवय झालेल्या बायका रडतात तशी.

"त्यांनी आरसे का लावायला सांगितले, ते बोलले का?" यासेनने हळूच विचारलं.

दामियानने चादरींकडे बघितलं. "विचारलं मी. म्हटलं, तू आणि आरसे? तर म्हणाला, पूर्वी इथे पाय ठेवायला जागा नसायची. आता गावात पोरं किती, आठ? आरसा लावला की सोळा दिसतील. संध्याकाळी कुणी नसलं तरी मी एक आणि आरशातला एक. आणि तू आलास तर चार."

रोसित्साने डोळे पुसले. गव्हाच्या भांड्यातून मूठभर गहू घेतले आणि त्याच्या पट्टी गुंडाळलेल्या हातावर ठेवले.

"खा काका. बाबांच्या नावाने."

तो उभ्याउभ्याच खाऊ लागला, साखर कोटावर सांडत.

"मेणबत्ती तुमच्याकडेच राहू दे," ती म्हणाली. "चाळिसाव्या दिवशी मी इथे नसेन. तेव्हा लावा. आणि चादरी तुम्ही काढा. यासेन, तोवर कुणाला हात लावू देऊ नकोस."

यासेनने मान खाली घालून होकार दिला.

परतताना धुकं नदीवरून रस्त्यावर आलं होतं. स्पास गाडी हळू चालवत होता. इस्क्राबाईंच्या दाराशी थांबल्यावरही त्याने लगेच इंजिन बंद केलं नाही.

"तुमच्या घरात मेणबत्ती आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे. दोन वर्षांपूर्वीची ईस्टरची."

"आणि काडेपेटी?"

इस्क्राबाईंनी जरा विचार केला. "संपलीय बहुतेक. शेगडी बटणावर चालते."

"उद्या घेऊन येतो," स्पास म्हणाला. "तशाही मिरच्या सोलायच्या राहिल्यात."